दम देणं, दम धरणं

आमच्या घरात 'दम' हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी निघतो. "अहो, याला जरा दम द्या, माझं काही ऐकत नाही," असं बायको मला सांगते. "दम धर जरा, पोळी तव्यावर आहे," असं ती मुलाला सांगते. माझे वडील, अण्णा, जिन्यावरून उड्या मारत उतरणाऱ्या नातवाला म्हणतात, "दम खा रे, दम खा, पडशील." आणि नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून मध्यरात्री मी सिडकोतल्या आमच्या इमारतीचा तिसरा मजला चढतो, तेव्हा दम मला लागलेला असतो.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. घरातली वाटणी अशी, की दम बापाने द्यायचा आणि पोराने धरायचा. ही वाटणी आम्ही कुणी बसून ठरवलेली नाही, आजोबा-पणजोबांपासून चालत आली आहे. पण गेलं वर्षभर एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. दिलेल्या दमातून धरलेला दम तयार होतो का?

त्याला कारण झाला एक बुधवार. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार नाशिककरांना सांगायला नको. संध्याकाळची गर्दी, ताडपत्रीवर मांडलेली मेथी-कोथिंबीर, पायाखाली कोबीची तुडवलेली पानं. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एका खेळण्यांच्या पथारीवर पोराला पिवळा जेसीबी दिसला. घरी त्याच्याकडे असे दोन आहेत. मी नको म्हटलं. त्याने हात ओढला, मग ओरडायला लागला, मग सरळ त्या चिखलात बसकण मारली. लोक वळून बघायला लागले. मी म्हटलं, "तीनपर्यंत मोजतो." मोजले. उठला नाही. मी एका हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला.

तो एका क्षणात गप्प झाला. शेजारी लिंबं निवडणारे एक वयस्कर गृहस्थ मान हलवून म्हणाले, "असंच पाहिजे. बापाचा धाक पाहिजेच." खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. आपण बाप म्हणून कुठेतरी पास झालो, असं.

परत येताना तो नेहमीसारखा स्कूटरवर माझ्या पुढ्यात उभा होता. एरवी द्वारकेचा सिग्नल येईपर्यंत त्याचं तोंड बंद नसतं, उजवीकडचा ट्रक, डावीकडची बस, सगळं मला सांगायचं असतं. त्या दिवशी एक शब्द नाही. फक्त मधूनमधून त्याच्या पाठीतून हुंदका जायचा आणि तो माझ्या पोटाला लागायचा.

रात्री मी जेवत होतो आणि तो दाराशी चपलांशी खेळत होता. सगळ्या चपला-बूट त्याने एका रांगेत लावले. मग माझ्या सेफ्टी शूजसमोर उभा राहिला आणि बोट रोखून म्हणाला, "एक... दोन... तीन म्हटलं ना मी!" आणि त्या बुटाला एक सणसणीत चापट मारली. आवाज माझा होता. 'ना'वरचा जोरसुद्धा माझा होता.

घास घशाखाली उतरेना.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, की चपलांशी चाललेल्या त्या बोलण्याचा माणसांनी शंभर वर्षांपूर्वी विचार करून ठेवला आहे. लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की लहान मुलं स्वतःशी मोठ्याने बोलतात ती बडबड वाया जात नाही. मोठी माणसं मुलाला ज्या शब्दांनी थांबवतात, वळवतात, तेच शब्द मूल आधी मोठ्याने स्वतःला सांगतं, मग पुटपुटतं, आणि हळूहळू ते बोलणं आत जाऊन विचार होतं. पुढे आयुष्यभर माणूस स्वतःला आवरतो तो या आतल्या बोलण्याने. वायगॉट्स्की १९३४ साली वयाच्या ३७व्या वर्षी गेले. त्यांचं म्हणणं वाचताना मला माझा सेफ्टी शूज दिसत होता. म्हणजे माझ्या पोराला उद्या राग येईल तेव्हा त्याच्या आत जो कुणी बोलेल, त्याला आवाज मी देतोय. आणि मी त्याला काय शिकवलं? तीन आकडे आणि एक धपाटा.

पुस्तकात याला 'स्वनियमन' म्हणतात. आपल्या घरात त्याला जास्त चांगला शब्द आहे, आवरणं. "आवर स्वतःला," असं आपण म्हणतो. राग आला तरी हात न उगारणं, हवं ते मिळेपर्यंत थांबणं, रंगलेला खेळ सोडून जेवायला येणं, बालवाडीत बाई बोलत असताना जागेवर बसून राहणं, हे सगळं आवरणंच. याचं यंत्र मेंदूत कपाळामागे असतं आणि ते पंचविशीपर्यंत घडत राहतं. साडेचार वर्षांच्या पोराकडे ते जेमतेम पायाभरणीला आलेलं असतं. चिखलात बसलेला तो मला जिद्दी वाटला होता. तो मला हरवायला बसला नव्हता, त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला होता आणि परत आणायचा कसा हे त्याला ठाऊक नव्हतं.

अण्णांचा धाक मोठा होता. तेही कारखान्यातच होते, त्यांच्याही तीन पाळ्या. त्यांच्या सायकलच्या चेनगार्डचा खडखडाट गल्लीच्या तोंडाशी आला, की आम्ही तिघं भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, "तुमची मुलं किती शहाणी हो!" पण अण्णांची रात्रपाळी असायची त्या आठवड्यात हीच शहाणी मुलं पलंगाचे पाय मोडेपर्यंत नाचायची. आई नुसती म्हणायची, "येऊ देत त्यांना, सांगते." धाक सायकलवर बसून यायचा आणि सायकलवर बसून जायचा. मी तेव्हा स्वतःकडे लक्ष ठेवायला शिकलो नाही, चेनगार्डच्या आवाजाकडे लक्ष ठेवायला शिकलो. पुढे पहिल्याच नोकरीत एका वरिष्ठाशी बोलताना माझ्या तोंडातून नको तो शब्द सुटला आणि ती नोकरी गेली. तिथे सायकल यायची नव्हती.

हे मी अण्णांची तक्रार म्हणून लिहीत नाही. त्यांनी आमच्यासाठी हाडाची काडं केली. त्यांना बाप होणं जसं कुणी दाखवलं तसे ते झाले.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात बालवाडीतली मुलं आणि त्यांचे आईबाप जवळून पाहिले. त्यांना तीन तऱ्हा दिसल्या. पहिली हुकमाची, 'मी सांगतो म्हणून' एवढंच कारण. दुसरी सैल सोडण्याची, माया भरपूर पण बंधन कुठलंच नाही. तिसरीत माया आहे आणि नियमही आहे. 'नको' हे 'नको'च राहतं, पण ते का, हे मुलाला सांगितलं जातं आणि त्याचं म्हणणंही ऐकून घेतलं जातं. १९८३ साली एलेनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी चौथी तऱ्हा जोडली, जिथे मायाही नाही आणि बंधनही नाही. तेव्हापासून झालेल्या अभ्यासांत बहुतेक वेळा तिसऱ्या तऱ्हेच्या घरातली मुलं स्वतःला आवरण्यात पुढे दिसतात. हुकमाच्या घरातली मुलं समोर गप्प असतात, पण गप्प असणं आणि आवरणं यांत फरक आहे, आणि तो फरक मला रात्रपाळीच्या आठवड्यांमुळे चांगला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र वाचताना सारखी खटकत राहिली. पालक म्हणून ज्यांना प्रश्न विचारले, ज्यांची निरीक्षणं केली, त्या कितीतरी वर्षं मुख्यतः आयाच. बाप म्हणजे संध्याकाळी घरी येणारा माणूस, त्याला काय विचारायचं! आपल्याकडेही 'माया' म्हटली की 'माय' आठवते. भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी वकिली सोडली आणि १९२० साली तिथे बालमंदिर उभं केलं. मुलांना जीव लावणाऱ्या या मिशीवाल्या माणसाला लोक कौतुकाने काय म्हणाले? 'मूछाळी मा', मिशीवाली आई. म्हणजे पुरुषाने इतकी माया केली, तर त्याला आईच म्हणावं लागलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे ते बालशिक्षण मराठीत आणलं, बोर्डी-कोसबाडला रुजवलं. मला त्या उपाधीचं कौतुक आहे आणि थोडं वाईटही वाटतं. गिजुभाईंना 'बाप' म्हणून का नाही ओळखलं कुणी?

आता थांबण्याबद्दल. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे.

साखरेच्या मऊ गोळ्याचा तो प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. स्टॅनफर्डच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी मुलासमोर एक मार्शमॅलो ठेवला. आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे अभ्यासात, वागण्यात सरस निघाली, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. २०१८ साली नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन ते पुन्हा तपासलं, तर घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. पण मिशेल यांचं त्याही आधीचं एक काम फारसं कुणी सांगत नाही. १९५८ साली प्रसिद्ध झालेलं, त्रिनिदाद बेटावरचं. तिथल्या शाळकरी मुलांना त्यांनी विचारलं, आत्ता छोटी गोळी घेणार, की आठवड्याने मोठी? ज्यांच्या घरात बाप होता, ती मुलं मोठ्या गोळीसाठी थांबायला जास्त तयार होती. अभ्यास लहान होता, त्यावरून जगाचा निवाडा करू नये. पण बाप घरात असण्याचा आणि पोर थांबण्याचा काय संबंध असेल?

मला उत्तर सापडलं ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगात. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ लहान मुलं घेतली. मार्शमॅलो आणण्याआधी मोठ्या माणसाने प्रत्येक मुलाला सांगितलं, हे जुने खडू आहेत, थांबलास तर छान नवे रंग आणतो. निम्म्या मुलांना रंग खरंच आणून दिले. निम्म्यांना परत येऊन सांगितलं, चुकलं, रंग नाहीतच. स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तसंच केलं. आणि मग मार्शमॅलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं.

बारा आणि तीन. मुलं आली तेव्हा सारखीच होती. फरक समोरच्या माणसाच्या शब्दात होता. आणि तीन मिनिटांत गोळा खाणारं पोर उतावळं नव्हतं, शहाणं होतं. जो माणूस येत नाही त्याची वाट कशाला बघायची?

हे वाचलं तेव्हा मला पांडवलेणी आठवली. "रविवारी पांडवलेणीला नेतो, वरपर्यंत चढू," असं मी त्याला किती रविवार सांगितलं असेल! शनिवारी संध्याकाळी ओव्हरटाइमचा निरोप यायचा. हप्ते चालू आहेत, नाही कसं म्हणणार? सकाळी तो उठायच्या आत मी कंपनीच्या बसमध्ये. पहिल्या रविवारी तो म्हणे टोपी घालून दारात बसला होता. दुसऱ्या वेळी आईला विचारून गप्प बसला. नंतर मी "रविवारी" असं म्हटलं, की तो मान वर न करता खेळत राहायचा. आणि मी त्याला दम धरायला सांगत होतो.

त्यानंतर मी एकच केलं. 'नक्की' हा शब्द जपून वापरायला लागलो. जमणार असेल तरच नक्की. नसेल तर, "सोन्या, माहीत नाही, बघू." पांडवलेणीऐवजी रोज संध्याकाळची किंवा सकाळची, पाळी असेल तशी, पंधरा मिनिटं. ती मोडायची नाही. पंधरा मिनिटं लहान वाटतात, पण ती रोज येतात, आणि त्याला आता माहीत आहे की ती येतात. अंघोळ करून मी बाहेर येईपर्यंत तो गादी अंथरून तयार असतो. थांबलेला असतो! दार वाजवत नाही.

त्या पंधरा मिनिटांत बहुतेक वेळा कुस्ती होते. गादीवर मी पालथा आणि तो पाठीवर. बायकोला आधी ही कुस्ती पसंत नव्हती, "आधीच तो मस्तीखोर, त्यात तुम्ही भर घालताय." पण बापांच्या या धसमुसळ्या खेळाचा अभ्यास कॅनडातल्या डॅनिएल पॅकेट यांनी आणि इतरांनी केला आहे. त्यांना दिसलं, की बाप खेळाची दोरी आपल्या हातात ठेवत असेल तर ही मस्ती मुलाला उपयोगी पडते. दोरी सुटली आणि पोरच बापाला बुकलत सुटलं, तर अशा मस्तीत वाढणारी मुलं उलट जास्त मारकुटी दिसतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० साली बापांच्या खेळावरचे ७८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लहानपणीच्या या खेळाचा मुलाच्या स्वतःला आवरण्याशी चांगला संबंध दिसतो, असं त्यांनीही लिहिलं.

गादीवर ते कसं घडतं ते सांगतो. एकदा जोशात येऊन तो माझ्या दंडाला चावला. कचकन. मी ओरडलो नाही, पण खेळ थांबवला. उठून बसलो. "चावायचं नाही. मला दुखलं. श्वास घे, मग पुन्हा." त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, केस कपाळाला चिकटलेले, डोळे लकाकत होते. त्याला लगेच झडप घालायची होती. त्याने दोन्ही मुठी गादीत रोवल्या, नाकपुड्या फुगवल्या आणि अख्खा थरथरत थांबला. पाच-सहा सेकंद. एवढ्या जवळून मी कुणाला स्वतःला आवरताना पाहिलं नव्हतं. चेहरा लाल झाला होता त्याचा. मग म्हणाला, "आता?" मी म्हटलं, "आता." आणि आला अंगावर. चावला नाही.

श्वासाचा हा 'दम' फारसीतून आलेला, आणि शम-दमातला 'दम' संस्कृतातला, म्हणजे स्वतःला ताब्यात ठेवणं. शब्द दोन वेगळे आहेत. माझ्या पोराच्या छातीत मला ते एकत्र दिसले.

आणि अण्णा. अण्णा आता शहात्तरचे आहेत. दुपारी ते आणि नातू चटईवर समोरासमोर बसतात, बोटं टेकवून. "चिमणी उड! कावळा उड! पोपट उड! म्हैस उड!" म्हशीला बोट उचललं की बाद. आपल्यापैकी कोण हे खेळलं नसेल? अमेरिकेत ऑरेगनच्या मेगन मॅक्लेलंड आणि सहकारी मुलांचं स्वनियमन मोजायला जी परीक्षा वापरतात, तिची जात हीच आहे. डोक्याला हात लावा म्हटलं की पायाला लावायचा, पायाला म्हटलं की डोक्याला. सवयीने निघालेला हात वाटेतच अडवायचा. आपल्या चटईवर ते म्हशीने कधीपासून चालवलेलं आहे.

आधी नातू दर म्हशीला बाद व्हायचा आणि रडायचा. एका दुपारी मी दारातून बघत होतो. अण्णा म्हणाले, "रडू नको. चुकलं तर चुकलं. थांब, मी हळू म्हणतो." आणि खरंच हळू म्हणायला लागले. 'म्है' म्हणून क्षणभर थांबायचे, त्याच्या बोटाकडे बघायचे, मग 'स उड.' बोट उठायचं, अर्ध्यात अडकायचं, परत टेकायचं. दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी वेग वाढवला, तोही त्याच्या तोंडाकडे बघत बघत. हे तेच अण्णा, ज्यांच्या सायकलला आम्ही घाबरायचो. मी दारात उभा राहून विचार करत होतो, यांना हे येत होतं, मग तेव्हा कुठे होतं? बहुतेक तीन पाळ्यांत अडकलं होतं. दमलेला माणूस दम धरायला कुठून शिकवणार? आजही खासगी कारखान्यातल्या बापाला मूल झाल्यावर कायद्याने एक दिवसाची हक्काची रजा नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस आहेत. बापाने असं असावं, तसं असावं म्हणताना हेही बोललं पाहिजे.

सगळं बापावर अवलंबून आहे असं मी म्हणणार नाही. काही पोरं जन्मतःच शांत असतात, काही जन्मतःच फटाका. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं. शांत पोराचा बाप शांत राहू शकतो, फटाक्याच्या बापाचा आवाज चढत जातो आणि आवाज चढला की फटाका आणखी फुटतो. आमच्या घरात हे होतं.

परवा झालंच. पहिली पाळी, घरी येताना मुंबई नाक्याला तासभर अडकलेलो, आणि आल्या आल्या दिसलं की माझ्या गेटपासच्या कार्डावर त्याने स्केचपेनने रंगवून ठेवलंय. मी ओरडलो. हात उचलला नाही, पण असा ओरडलो की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. मी गॅलरीत जाऊन बसलो, कपाळ धरून. पाच मिनिटांनी आत जाऊन त्याला म्हटलं, "मी फार ओरडलो. माझं चुकलं. पण कार्ड रंगवायचं नाही, त्याशिवाय मला आत सोडत नाहीत." तो काही बोलला नाही. मी परत गॅलरीत आलो.

थोड्या वेळाने तो आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. फरशीवर बोट टेकवलं. मला म्हणाला, "बोट ठेव." मी ठेवलं.

"चिमणी उड. कावळा उड. म्हैस उड."

माझं लक्षच नव्हतं. बोट उठलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझं बोट धरून त्याने परत फरशीवर टेकवलं. "रडू नको बाबा," तो म्हणाला. "थांब, मी हळू म्हणतो."